सुकटीचा पिझ्झा खपला

आत्या,

तुम्ही रानात गेलात म्हणून चिठ्ठी फ्रिजवर चिकटवतीय. मी चीज आणायला दौंडला चाललीय. सरपंचांच्या घरनं वाढदिवसाची ऑर्डर आलीय, आन् समदे पिझ्झे सुकटीचेच पायजेत म्हणालेत!

"पिझ्झ्यावर सुकट घातलीस तर दुकानात कुत्रं बी फिरकायचं न्हाई," असं तुम्ही शेजारच्या मुक्ताबाईंदेखत म्हणाला व्हता. काल बाजारच्या दिवशी सुकटीचे पिझ्झे दिवस मावळायच्या आत संपले. पनीरचे आन् मक्याचे तसेच राहिले. सुकटीचे दोन तर मुक्ताबाईच घेऊन गेल्या.

आता कामाचं. परातीतलं पीठ फुगतंय, त्याच्यावरचं फडकं वाळू देऊ नका. सुकट मी निवडून ठेवलीय, तेवढी कोरडी भाजून घ्या. मी भाजली की उग्र वास राहतो, तुम्ही भाजली की राहत न्हाई. ह्यांना दुकान उघडायला सांगा. परवा "दुकान बंद करून टाक" म्हणत व्हते, ते मला ऐकूच आलं न्हाई, हे बी सांगा.

आन् एक ऱ्हायलं. रात्री ह्यांच्यासाठी सुकटीच्या पिझ्झ्याचा एक तुकडा ताटलीत काढून टोपलीखाली झाकला व्हता. सकाळी तो नव्हता. मांजरानं खाल्ला, म्हणालात.

आत्या, आपलं मांजर खाऊन झाल्यावर ताटली घासून पालथी घालायला कवा शिकलं?

प्रतिभा