जुन्या अंकांवर माझं नाव

बदलापूर (पूर्व),
५ नोव्हेंबर १९९३

चि. दिनानाथ यास,

थोरल्या बहिणीने धाकट्या भावाला आधी आशीर्वाद लिहायचा असतो. या खेपेस तो राहू दे. इकडे सगळं ठीक आहे. हे अंबरनाथच्या फॅक्टरीतून मुदतीआधीच निवृत्त झाल्यापासून परसात दुधी लावतात आणि रोज मला तोच दुधी दाखवायला नेतात. माझी शाळा चालू आहे. परीक्षेचे पेपर तपासून झाले.

तुझा गडी बुधाजी मागच्या सोमवारी शाळेत आला. शिक्षकांच्या खोलीत, सगळ्यांदेखत, "शेटनी पुस्तक दिलंय बाईंना," असं म्हणत पुडकं ठेवून गेला. त्याला घरचा पत्ता माहीत आहे. शाळेत जा हे तूच सांगितलं असणार.

घरी येऊन उघडलं. तुझ्या जुन्या ‘शेजघर’ मासिकाचे तीन अंक एकत्र शिवलेले, वर नवं गुळगुळीत कव्हर, आणि कव्हरवरच्या त्या अर्ध्या साडीतल्या बाईच्या पायाशी माझं नाव. सोबत तुझी चिठ्ठी: "बाय, बाईमाणसाने लिहिलंय म्हटल्यावर लोक उड्या मारतील. नाव नको असेल तर बारा नव्या प्रश्नांची उत्तरं लिहून दे. तुझ्या शाळेचा विचार करून सांगतोय."

माझा विचार करून धमकी देणारा भाऊ मिळाला, हे भाग्यच.

तू आणि तुझा भागीदार टेकचंद यांनी एक्याऐंशी साली उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात हे मासिक काढलं, तेव्हा त्याच मशीनवर लग्नपत्रिकाही छापल्या जायच्या. वर ‘विवाहितांचे आरोग्य’ असं लिहायचं आणि आत वाटेल ते भरायचं. पत्ता मुंबईच्या टपालपेटीचा, म्हणजे घरच्यांनाही पत्ता लागू नये. कोणी फुकट चाळू नये म्हणून अंकाला पिना मारायच्या. दुकानदार ते गाइडांच्या गठ्ठ्याखाली ठेवायचे आणि गिऱ्हाईक डोळ्यांनी मागायचं. पुढे व्हिडिओ पार्लर आले, खप बसला, अंक पोत्यांनी परत आले. टेकचंद शहाणा, तो कापडात गेला. तू मात्र त्याच शिळ्या अंकांना दरवर्षी नवं कव्हर चढवून, नवं नाव देऊन विकत राहिलास. त्यातली चित्रं शिळी, गोष्टी शिळ्या. टिकलं ते एकच सदर, ‘डॉ. किसन यांचा सल्ला’. ते तुझं नव्हतं, म्हणून टिकलं.

सुरुवातीला डॉक्टर तूच होतास. गणपतीला आमच्याकडे आलास तेव्हा तुझ्या पिशवीतला अंक मी पाहिला. एका पोराला तू लिहिलं होतंस की त्याची नजर जाईल, आणि लगेच खाली तुझ्या जाहिरातदार वैद्याची पुडी.

"हे खोटं आहे," मी म्हणाले.

"मग तू लिही खरं. बी.एस्सी. कशाला झालीस? बेडूक कापायला?"

तू थट्टा केलीस, मी लिहायला बसले. चार वर्षं बुधाजी डब्याच्या पिशवीतून पत्रं आणायचा, हे पाळीवर गेले की मी उत्तरं लिहायची. बारवीकडच्या एका पाड्यावरून नवसू नावाच्या माणसाने दुसऱ्याकडून लिहवून घेतलं होतं: बायकोला मुलीच होतात, दुसरी करू का? त्याला मी लिहिलं की मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, दुसरी करून काही होणार नाही. असली उत्तरं मी लिहिली. लाज तेव्हा वाटली नाही, आज वाटत नाही. तेव्हा शाळेचं भय मला दाखवू नकोस. शाळेत मी तेच शिकवते.

पण मी भ्याले, हे खरं. पुडकं उघडल्यावर नाव मी नंतर वाचलं. आधी कोणते अंक शिवलेत ते पाहिलं. जून चौऱ्याऐंशीचा होता. दुसऱ्याच दिवशी मी बुधाजीकडून निरोप धाडला, तो एक अंक काढ, बाकीचं पाहू. तू हसलास म्हणे. "जूनमध्ये असं काय आहे ते बाईंना विचार," असं त्याला सांगितलंस.

आता सांगते.

त्यात ‘अंबरनाथचा एक कामगार’ या नावाने प्रश्न आहे: गेल्या साली आमचं मूल जन्मतःच गेलं. तेव्हापासून बायको भिंतीकडे तोंड करून झोपते. ती शिकलेली आहे, कडक आहे, विचारायला धीर होत नाही. माझ्यात काही दोष आला का? औषध कोणतं घ्यावं?

अक्षर मी लग्नाआधीपासून ओळखते. तुझ्या भावोजींचं.

त्यांना काय माहीत की मासिक मेव्हण्याचं आणि डॉक्टर बायको. मी उत्तर लिहिलं. दोष तुमच्यात नाही. औषध घेऊ नका. तिला हात लावण्याआधी त्या मुलाविषयी बोला. तुम्हीही रडला असाल तर तिला ते कळू द्या.

अंक निघाला आणि थोड्याच दिवसांनी हे पाळीवरून आले, मी तांदूळ निवडत होते, शेजारी बसले. मुलाचं नाक आजोबांसारखं होतं म्हणाले. शेडमागे जाऊन रडायचो म्हणाले. मी काही ओळखलं नाही असं दाखवलं. त्या दिवसापासून आमचा संसार पुन्हा सुरू झाला. ते धीर करून आपण होऊन बोलले, हे त्यांच्याजवळ राहावं, एवढंच मला हवं होतं. माझं नाव छापलंस की ते त्यांच्याकडून जाणार होतं.

म्हणून रविवारी जेवणं झाल्यावर मीच सांगितलं. ते परसात गेले. बुधवारपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मी दुधी पाहायला गेले तर पाठ फिरवली. दिनानाथ, हे तुझ्यामुळे मला पाहावं लागलं.

बुधवारी चहा घेताना म्हणाले, "उत्तर बरोबर होतं." मग कप खाली ठेवून, "पण ती वैद्याची पुडीसुद्धा आणली होती मी. कडू जहर. एक पुडी दिनानाथला चाखायला लाव."

मी हसले. ते हसले नाहीत. अजून पूर्वीसारखे बोलत नाहीत. बोलतील की नाही ते आमचं आम्ही पाहू.

तेव्हा तुझ्याजवळ आता फक्त रद्दी आहे. छापायची तर छाप. बारा उत्तरांतलं एक अक्षर मिळणार नाही. येत्या भाऊबीजेला माझ्याकडे पाट मांडलेला नसेल. तू येऊ नकोस, आणि बुधाजीबरोबर ओवाळणी धाडू नकोस.

तुळशी बाळाजी भोईर, बी.एस्सी.
(कव्हरवर डिग्री राहिली आहे. घाल.)