जनरलसाहेबांना लिहिलेली पत्रं

प्रिय जोसेफदादा,

तू मला ओळखत नाहीस. मी कोल्हापूरचा दिगंबर. तुला फाशी देऊन दोन वर्षं झाली आणि पत्र आत्ता लिहितोय. काल मलकापुरात गॅरेजवर काम करत होतो, रेडिओवर बातमी लागली. तुझ्या फाशीचा निषेध म्हणून मोठ्या देशांनी तुमच्याकडून माघारी बोलावलेले सगळे राजदूत आता पुन्हा तिकडं रुजू झाले. तेलाचा नवा करारही झाला म्हणे! माझ्या हातातला पाना पडला.

"काय झालं रं?" मिस्त्रीनं विचारलं.

"माझ्या माणसाला मारलं त्यांनी. आन् आता समदी त्यांच्याशीच दोस्ती करायला लागली."

"पावणा हुता व्हय तुझा, नात्यातला?"

"बघितला न्हाय कधी. पण पावणाच की."

"बरं, रड. पर आधी त्यो पाना उचल. गिऱ्हाईक थांबलंय."

देशाचं नाव लिहीत नाही. तुझ्या मागं वहिनी अजून तिथंच आहेत ना, त्यांना त्रास नको.

तू मास्तर. निवडणूक का होत नाही, एवढं विचारायला पोरांना शिकवलंस आणि देश ताब्यात घेऊन बसलेल्या जनरलनं तुला उचललं. हे मला राजारामपुरीतल्या इंग्रजी क्लासच्या बाईंनी सांगितलं. मी शिकायला गेलो नव्हतो हं. दहावी नापास झालो, गोव्याला पळालो, तिथं एका बोटीवर... ते राहू दे. बाईंकडे भडंग मिळायचं म्हणून जायचो. अर्ज कसा लिहायचा हे शिकवताना त्या पोरांकडून तुझ्या सुटकेसाठी जनरलला पत्रं लिहून घ्यायच्या. जगभरातून अशी पत्रं गेली की सरकारं नमतात, असं त्यांचं म्हणणं.

मी मराठीत लिहायचो, बाई इंग्रजी करून द्यायच्या. पहिल्याच पत्रात मी शिवी हासडली. त्यांनी कागद फाडला. "अरे, माणूस त्याच्या हातात आहे. नम्र लिही!" मग शाळेच्या अर्जासारखंच लिहिलं. महामहिम, कृपा व्हावी, आपला आज्ञाधारक. तुला मारणाऱ्याचे आम्ही आज्ञाधारक! तुला हसू आलं असतं का रे?

मोठ्या देशांनी तरी वेगळं काय केलं? चिंता व्यक्त केली. मग तीव्र चिंता व्यक्त केली. तेल घ्यायचं मात्र एक दिवसही थांबले नाहीत.

पण मला टोचतंय ते दुसरंच. एवढी पत्रं गेली, त्यात तुला एकही नव्हतं. सगळी त्याला! इथं तुझं नाव रोज घेणारी पोरं आहेत, हे कोठडीत तुला कुणी सांगितलं असेल का? की आपलं कुणाला काही पडलेलं नाही, असं समजून गेलास?

बाईंकडे आता दुसऱ्या एका देशातल्या नर्सचं नाव आलंय. तीही तुरुंगात. "काय उपयोग?" मी विचारलं. बाईंनी नुसता कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. उपयोग नाहीच, दादा. तिलाही मारतील, आणि राजदूत चार दिवस रुसून परत जातील.

तरी एक वचन देतो. तिच्या सरकारला लिहायचं तेव्हा लिहू. पहिलं पत्र तिला, तुरुंगाच्या पत्त्यावर. फाडून टाकतील बहुतेक. पण ती जिवंत असताना लिहीन.

तुझा, न पाहिलेला भाऊ
दिगंबर