कमोडातलं पाणी उतरतंय

४ जून
पुन्हा तेच! कमोडात पाणी जेमतेम तळाला. फ्लश केला की भरतं, कामावरून परत यावं तर खाली गेलेलं. आणि वास! ते पाणी म्हणजे गटाराच्या वायूवरचं झाकण. झाकणच उडालं तर? आईची खोली भिंतीपलीकडेच.
आईला सांगितलं तर म्हणते, "दोन मग पाणी ओत. एवढं काय आभाळ कोसळलंय?"

५ जून
टाकी उघडली. बारीक नळी उभ्या पाइपातून निसटून बाहेरच पडली होती — म्हणजे भरायचं पाणी कमोडात पुरेसं जातच नव्हतं. बसवली परत. फ्लश केला. पाणी छान वर! इतकं हलकं वाटलं की एकटीच हसले.

६ जून
खाली. पुन्हा खाली.

७ जून
आता कमोडला तडा गेला असेल, हेच डोक्यात. बसल्याबसल्या फुटला तर? आईचं वय, तिची ठिसूळ हाडं... भोवती कोरडी वर्तमानपत्रं अंथरून ठेवली. संध्याकाळी बघितलं — कुठे टिपूसही नाही. म्हणजे पाणी बाहेर जात नाही, आतल्या आतच जातंय. ही काय भानगड?
"प्लंबरला बोलावते," म्हटलं. आई केवढ्यांदा ओरडली — "काही नको! परक्या माणसाला कशाला घरात घेतेस?" बाथरूमच्या दारातच आडवी उभी राहिली. प्लंबरला घाबरते? ही? हिने एकटीने चोराला जिन्यावरून हाकललं होतं!
मनात पाल चुकचुकली.

८ जून
आई देवाण्णांकडे — म्हणजे आमच्या शेजाऱ्यांकडे — गेली होती. मी तार वाकवून आकडा केला आणि कमोडाच्या वळणात घातला. काहीतरी अडकलं. ओढलं.
चिंधी. जुन्या चादरीची फाडलेली लांब पट्टी. एक टोक वळणापलीकडे लोंबत होतं, दुसरं पाण्यात. बादलीत टॉवेलचा कोपरा राहिला की बाहेर पाणी ठिबकत राहतं ना, तसं ही सगळं पाणी शोषून पलीकडे सोडत होती.
कोडं सुटलं. पण मधल्या घडीत डाग होता. तपकिरी. इतक्या पाण्यानेही न गेलेला.
घरात आम्ही दोघीच. माझ्या चिंध्या नाहीत. आणि आईची पाळी जाऊन पंधराएक वर्षं झाली.
मावशीचा कॅन्सर असाच सुरू झाला होता. मावशीनेही कुणाला सांगितलं नव्हतं.
जमिनीवरच बसून राहिले.

८ जून, संध्याकाळ
विचारलं. "जुनी असेल," म्हणाली. मग, "टाकी पुसायला घेतलेली." भाजी चिरत राहिली. सुरीचा आवाज तेवढा.
मी ओरडले नाही. ओरडले असते तर रडले असते.

९ जून
कामाला गेले नाही. ती बाथरूममध्ये गेली की मी बाहेर. कडी वाजली की दाराला कान.
दुपारी कडी वाजलीच नाही. दार नुसतं लोटलेलं. आतून हाक आली, "ये गं जरा. पुन्हा डाग दिसतोय."
गेले. तिच्या पाठीवर हात ठेवला. "केव्हापासून?" — "थंडी संपल्यापासून." — "आणि मला सांगायचं नाही?" — "तुझी मावशी डॉक्टरकडे गेली आणि परत आली नाही. मी गेलेच नाही तर काही होणार नाही, असं वाटलं."

१० जून
डॉक्टरीणबाईंनी आतला तुकडा काढून तपासायला पाठवलाय. आई परतताना खिडकीबाहेर बघत होती. मी तिच्याकडे.

१४ जून
काहीच कळलं नाही अजून. फोन वाजला की दोघी एकमेकींकडे बघतो, उचलत कुणीच नाही.

१७ जून
आहे. पण लवकर सापडलंय, गर्भाशयापुरतंच दिसतंय — काढून टाकू, म्हणाल्या डॉक्टरीणबाई. "आणखी थांबला असतात तर..." वाक्य अर्धंच सोडलं त्यांनी.
जिना उतरताना आईने माझा दंड घट्ट धरला. "भीती वाटते गं."
जन्मात पहिल्यांदा म्हणाली.