सर चालत नाहीत, लिंक चालते

सर, अहवाल तपासणाऱ्या मॅडमनं तुम्हाला लाल पेनानं खोडलं. एकच आडवी रेघ, आणि समासात दोन शब्द, 'चालणार नाही'. माझ्या प्रकल्प अहवालाच्या शेवटी संदर्भांची यादी आहे, तिच्यात तुमचं नाव होतं. वर पुस्तकं, खाली पुस्तकं, मध्ये तुम्ही. पुस्तकांना काही झालं नाही. मी विचारलं, काऊन मॅडम? तर त्या म्हणाल्या, "अहो, हे गृहस्थ कोण? पुस्तक आहे यांचं? लेख आहे? मुलाखत म्हणावं तर माणूस हयात नाही, रेकॉर्डिंग नाही. परीक्षकांना मी काय सांगू?" मी म्हटलं, सांगा ना, माझे सर होते. मागं एक जण आपला अहवाल घेऊन उभा होता, तो फिसकन हसला. त्याच्या यादीत सगळ्यात खाली 'संदर्भ : इंटरनेट' असं एवढंच लिहिलेलं मी वाचलं होतं. म्हणजे एखाद्याला विचारावं, कुठून आलास बाबा, आणि त्यानं सांगावं, रस्त्यावरून. त्यालाही मॅडमनं झापलं, नाही असं नाही. पण त्याला फक्त लिंक टाकायला सांगितली. मला माणूस काढायला सांगितला.

तुम्हाला वाटेल, हा आणि अहवाल? हौ सर. बी.ए. दोनदा सोडलं, मग बाहेरून कसंबसं ओढलं, आणि आता वर्ध्याच्या केंद्रातून एम.ए. चालू आहे, रविवारच्या रविवार. मधली वर्षं विचारू नका. हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगमध्ये राहिलो, हैदराबाद रोडवर ट्रकवर फिरलो, मग हिंगणघाटलाच नेट कॅफेत बसलो. तुम्ही गेलात तेव्हा मी आदिलाबादच्या पुढं कुठंतरी चाक बदलत होतो, आणि गावी आल्यावर चहाच्या टपरीवर कळलं. हा अहवाल पार पडला तर माझ्या हातून सुरू होऊन संपलेली ही पहिली गोष्ट असेल. घरी कोणी विश्वास ठेवत नाही. उद्या जमा करायचा आहे.

विषय आहे आठवडी बाजार. तो विषय तरी कुठून आला? तुमच्यामुळंच. आठवीत मी निबंधात लिहिलं होतं, 'असे म्हणतात की बैलाचा सौदा रुमालाखाली करतात, कारण भाव लपवायचा असतो.' तुम्ही वही हातात धरून उभे आहात, आणि 'असे म्हणतात' या दोन शब्दांवर तुम्ही किती उखडता ते सगळ्या वर्गाला ठाऊक.

"कोन म्हणते बे?"

"सगळेच म्हणतात, सर."

"सगळे म्हंजे कोन? त्यायचं गाव सांग."

मी घाबरून म्हटलं, तळेगाव. तुम्ही फळ्यावर तळेगाव लिहिलं आणि माझ्याकडं वळलात. "कोनतं तळेगाव? तळेगावं लय हायेत. म्हून आपल्या इकडे गावाच्या पुढं कंस टाकते लोकं. तळेगाव, कंसात श्यामजी पंत. सावंगी, कंसात मेघे. कंस नाई टाकला तं चिठ्ठी भलत्याच्या घरी जाते. गोष्टीचंही तसंच हाये. कोनाची हाये ते कंसात टाकाव अन् मंग बोलाव." मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणालं, कंसमामा. झालं, त्या दिवसापासून तुमचं ते नाव पडलं, आणि तुम्हाला ते माहीत होतं, आणि तुम्ही कधी रागावला नाहीत. उलट एकदा गोकुळाष्टमीला वर्गात येऊन म्हणालात, आज सांभाळून राहा लागते मले.

पण खरी गोष्ट त्याच्या नंतरची आहे. तुम्ही मला तळेगावला घेऊन गेलात. तुमचं आजोळ तिथलं. वर्ध्याला एसटी बदलली, मग आर्वीवरून पुढं. मी खिडकीत बसून संत्र्याच्या बागा बघत होतो, आणि आर्वीच्या स्टँडवर भजे खायला उतरलो तर गाडी चुकता चुकता राहिली. कंडक्टर तुम्हाला म्हणाला, "गुरुजी, पोट्ट्याले बांधून ठेवा." बाजारात दोन माणसं हातावर दुपट्टा टाकून उभी. खाली बोटं दाबून भाव सांगतात, वरून काही दिसत नाही, नुसतं कापड हलतं. तुम्ही स्वतःच्या खांद्यावरचा रुमाल काढला, माझ्या हातावर टाकला, आणि खालून माझी बोटं धरली. अजून ती पकड कळते मला. तुमच्या बोटांना खडूची कोरड आहे, आणि तुम्ही माझं मधलं बोट दाबता आहात. "भाव तं मंग सगळ्या बाजाराले समजतेच," तुम्ही म्हणता, "लपवाची असते ती इज्जत. कोनी कमी मांगतलं तं इकनाऱ्याचं तोंड चार लोकायत उतरू नाई, म्हून रुमाल." मी विचारलं, सर, हे कोण म्हणतं? तुम्ही हसलात. "मी म्हनतो. टाक मले कंसात."

टाकलं की, सर. तर मॅडमनं काढलं.

वर त्यांनी उपायही सांगितला. "हेच वाक्य नेटवर कुठं मिळतंय का बघा. लिंक द्या, पाहिल्याचा दिनांक द्या, संपला विषय." मी सावंगीला नेट कॅफेत जाऊन बसलो आणि शोधलं, आणि बाप्पा, सापडलं! एका संकेतस्थळावर, बैलाच्या रंगीत फोटोखाली, तुमचं वाक्य. सुरुवातीला लिहिलेलं, 'असे म्हणतात की', आणि शेवटी, 'नेटवरून साभार'. मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं, कारण त्यात 'ईज्जत' असं होतं, दीर्घ ई. ती चूक माझी आहे. हिंगणघाटच्या कॅफेत असताना गिऱ्हाईक नसलं की मी एका फुकटच्या ब्लॉगवर काहीबाही लिहायचो, आणि तिथल्या कीबोर्डवर ऱ्हस्व इ चं बटण दबायचं नाही. तुम्ही गेल्यावर तुमचं हे वाक्य मी तिथं टाकलं होतं, तुमच्या नावासकट. पुढं मी पासवर्ड विसरलो, ब्लॉग बंद पडला, आणि मधल्या काळात कोणीतरी ते उचललं. माझी दीर्घ ई जशीच्या तशी नेली, सर. तुमचं नाव तेवढं सांडलं.

आणि मॅडम खूश. "बघा, मिळालं की नाही?" मी सांगत होतो, मॅडम, हे मीच टाइप केलंय, हे त्याच सरांचं आहे. त्या म्हणाल्या, "असेल हो. पण आता त्याला लिंक आहे." तर मी ती नोंद केली. लेखक अज्ञात. मग तो पत्ता, तिरप्या रेघा, टक्क्यांची चिन्हं, अर्धा इंग्रजी आणि अर्धा कोणाच्या बापालाही न कळणारा, दोन ओळी भरून. मग पाहिल्याचा दिनांक. तोंडी सांगितलं ते चालत नाही, आणि सांगणाऱ्याचं नाव पुसून तेच दुसऱ्यानं चिकटवलं की चालतं. तुम्ही असता तर डस्टर फेकून मारला असता. कोणाला ते नक्की सांगता येत नाही.

आज त्या पानाची प्रिंट काढायला पुन्हा सावंगीला आलो. पान उघडेना. कॅफेवाल्या पोरानं दोनदा बटण दाबलं आणि म्हणाला, "दादा, लिंक मेली." शेजारी मेडिकलचा एक विद्यार्थी आपले संदर्भ चिकटवत बसला होता, तो मान न वळवता म्हणाला, "टाइम ऑफ डेथ लिहून ठेवा." मला हसू आलं आणि रागही आला. तसाच वर्ध्याला मॅडमकडं गेलो. त्या डबा उघडून बसल्या होत्या. म्हणाल्या, "अहो, लिंक मेली तर मरू द्या. तुम्ही कोणत्या दिवशी पाहिली ते लिहिलंय ना? तेवढ्यासाठीच असतो तो दिनांक."

"म्हणजे मॅडम, ते पान आता नाही, पण मी एके दिवशी पाहिलं होतं, एवढं पुरतं?"

"हो. नियमच आहे."

"मग माझे सर आता नाहीत, पण मी त्यांना पाहिलं होतं. त्यांनी माझं बोट धरून सांगितलं होतं."

मॅडमनं डब्याचं झाकण लावलं. वाईट बाई नाही, सर. अडचणीत पडल्या. म्हणाल्या, "बरं. लिंक काढा. सरांचं नाव लिहा, पुढं 'प्रत्यक्ष संभाषण' लिहा, ठिकाण लिहा आणि तारीख टाका. तारीख नसेल तर परीक्षक परत पाठवतील, मग पुढच्या सत्रात भेटा."

मी जिंकलो होतो, सर. दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. कोणती तारीख? बाजाराचा वार माहीत आहे. आर्वीच्या भज्यांची चव आठवते. तारीख मात्र नाही. मॅडमला सांगितलं तर त्या वैतागल्या, "टाका ना कोणतीही! कोण बघायला येतंय?" मेलेल्या पानाची तारीख माझ्याकडं अगदी बरोबर आहे. तुमची नाही.

आता परत सावंगीच्या कॅफेत येऊन बसलोय. हे मी अहवालाच्याच फाइलमध्ये, तुमच्या नोंदीच्या खाली टाइप केलंय. उद्या प्रिंट काढायच्या आधी पुसून टाकीन. नोंद झाली आहे: तुमचं नाव, प्रत्यक्ष संभाषण, तळेगाव (श्यामजी पंत), तारीख आठवत नाही. अहवाल परत आला तर येऊ दे. पण एक कबूल करतो, सर. इतका वेळ मी मॅडमवर जळफळतोय, आणि हीच नोंद तुमच्या पुढ्यात ठेवली असती तर तुम्हीही मानली नसती. तुम्ही म्हटलं असतं, आठवत नाई तं मंग लिहून काऊन राह्यला बे?