चष्मा येईपर्यंत

शुक्र., पौष शु. ५
निजामाच्या कचेरीला शुक्रवारची सुट्टी, म्हणून वि. सकाळीच हजर. विनायकच्या नेकनूरच्या काकांनी त्याच्यासाठी आमच्या कुसुमला मागणी घातली, त्याच दिवशी हा माझ्या चष्म्यावर बसला. औरंगाबादेहून स्वतः दुरुस्त करून आणतो म्हणाला. त्याला आता महिना होईल. अंदाजानं मोठी अक्षरं काढते आहे. लिहिता येतं, लिहिलेलं वाचता येत नाही. मिशनच्या शाळेत मदर म्हणायच्या, हाताला वळण असलं की डोळे लागत नाहीत.
चष्म्याची भरपाई म्हणून दर शुक्रवारी पुण्याहून मागवलेली कादंबरी वाचून दाखवतो. नायक गोविंदा. देखणा, गोडबोल्या, शब्द देतो आणि विसरतो. नायकात आणि वाचणाऱ्यात फरक सापडेना. हसून हसून कुशी दुखल्या. तरी...

मंगळ., शु. ९
चष्म्याची चौकशी केली. आधी चष्मेवाला लग्नाला गेला होता. मग चष्मा एका गाडीवानाकडे दिला होता. आता गाडीवान मांजरसुंब्याला अडकलाय, बैलाच्या खुराला लागलंय. बैलाचं नाव राजा. बैलाचं नाव याला कसं ठाऊक?
कु.ला म्हटलं, तू वाच. "मला त्यांच्यासारखे आवाज काढता येत नाहीत, आत्या." मीच शिकवलं तिला वाचायला. भाऊ-वहिनी गेल्यापासून तिला माझ्याशिवाय कुणी नाही. काकांना हो म्हणायचं की नाही, माझ्यावरच आहे.

शुक्र., शु. १२
पहिल्या प्रकरणात गोविंदाची आत्या चांगली कजाग होती. मी वि.ला तिळाच्या वड्या दिल्या, तेव्हापासून ती फारच प्रेमळ झालीय. शिवाय तीन पानांचा मजकूर ऐकू येतो आणि पान उलटल्याचा आवाज एकदाच. पदरचं घालतोय.
शनिवारी मदर आम्हाला गोष्ट वाचून दाखवायच्या. मुलींच्या कानांवर पडू नये ते गाळताना त्यांचा आवाज मऊ व्हायचा. आम्ही ओळखायचो, एकमेकींना कोपरं मारायचो. अंगणात बुचाच्या फुलांचा सडा. त्यातल्या किती जणी आता असतील.
वि.चा आवाज आज दोनदा मऊ झाला.

शुक्र., व. ४
गोविंदानं आज सावकाराच्या घोड्यावरून वरात काढली, तीही दुसऱ्याच्याच लग्नाची. कु. तोंडाला पदर लावून हसत होती. वहिनी अशीच हसायची.
हे कधी खोटं बोलले नाहीत. तीस वर्षांत कधी हसवलंही नाही. असं लिहू नये.
वि. कोट विसरून गेला.

रवि., व. ६
सखू गवळण दूध घालायला आली. खुंटीवरचा कोट तिच्या धक्क्यानं पडला, खिशातली पुडी उलगडली. "बाई, ह्यात तुमचा चष्मा हाय की. कावून देत न्हाई त्यो?"
माझाच चष्मा. नवी दांडी, कागदात नीट गुंडाळलेला. राजा बैलाचं काय झालं कोण जाणे.
कु. खंडेश्वरीच्या देवळात गेली होती. बसून शेवटचं प्रकरण वाचलं. लग्नाच्या सकाळी गोविंदा गाडी जुंपून नदीपार निघून जातो. हळद लागलेली मुलगी दारात उभी. लेखकानं तेही गमतीनंच लिहिलंय. मला हसू आलं नाही.
चष्मा ठेवून घेतला. कागदात भाजलेले हरभरे बांधून खिशात घातले. तपासून बघणाऱ्यातला नाही तो.
मग ही वही चाळली. ओळीवर ओळ चढलीय.

बुध., व. ९
कोट न्यायला आला. चष्म्याचं विचारलं. "बैल आता चालायला लागलाय, आत्याबाई. सोमवारपर्यंत येईल." काकाही सोमवारीच यायचेत.
मनाशी ठरवलं. परवा शेवटचं प्रकरण. आहे तसं वाचलं तर होकार. बदललं तर नकार.
देवा, खरं वाचू दे त्याला.

शुक्र., व. ११
चष्मा पदराखाली धरून बसले. पाठ केल्यासारखं प्रकरण डोक्यात होतं. वि.नं आज पदरचं काही घातलं नाही. अक्षर न् अक्षर खरं. आवाजही काढले नाहीत. गोविंदानं बैल जुंपले आणि हा थांबला. घसा बसला म्हणाला. पुस्तक कु.पुढं केलं. "पुढचं तुम्ही वाचा."
तिनं वाचलं. गाडी पाण्यात शिरते, गोविंदाला सनईचा सूर ऐकू येतो, तो कासरा ओढतो. पुस्तकात गाडी पार जाते. कु.नं ती पाण्यातूनच वळवून मांडवापर्यंत आणली. आवाज जराही मऊ झाला नाही. पान बरोबर जागी उलटलं.
म्हटलं, तेवढं पुन्हा वाच.
वाचलं. शब्द न् शब्द तोच, गाडी पुन्हा मांडवापाशीच.
वि. जमिनीकडे बघत होता. कु.नं पुस्तक मिटून विचारलं, "आवडला शेवट, आत्या?"
अट त्याच्यासाठी घातली होती.
सोमवारी काका येतील. चष्मा मी अजून कुणाला दाखवलेला नाही.