गुहेबाहेर लाडू वळणारी बहीण

चामराजपेट, बंगळूर
शनिवार, ऑक्टोबर १९६१

हल्लीच्या कुमार कादंबऱ्यांवर माझा रागच आहे. इथल्या मराठी मंडळाच्या वाचनालयात नवी आलेली तर कहर! भाऊ गुहेत शिरून चोर पकडतो आणि बहीण? दीडशे पानं घरी लाडू वळते. चोराचा माग खरं तर तिनेच काढलेला, तरी लाडूच! परवा शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहूनच टाकलं, "हिला गुहेत कधी नेणार?" वाचनालयाच्या पुस्तकात लिहू नये, कळतं मला. पण राहवेना.

आज परत करायला घेतलं, तर खाली उत्तर! "पुढच्या भागात न्यावे. टॉर्च तिच्याच हाती द्यावा." अक्षर उभं, छापल्यासारखं. असं फक्त आमचे अण्णा लिहितात, कारखान्यात नकाशे काढून काढून. कादंबऱ्यांनी डोकं बिघडतं म्हणणारे अण्णा! कधी वाचली असेल? आणि मग मला शाळेच्या नंदी डोंगराच्या सहलीला नको का म्हणाले? पहाटे अंधारात चढणं मुलींचं काम नव्हे म्हणे. गेल्या वर्षी दादा त्याच सहलीला गेला, तेव्हा लाडू मीच वळले होते की!

रात्री जेवताना ते पान उघडून त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. अण्णांनी वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. आई हसू दाबत भात वाढत राहिली.

मग ते दादाला म्हणाले, "उद्या टॉर्चला नवे सेल घालून हिला दे."

दादाचा घास हातातच राहिला. लाडू कोण वळणार, ते मी त्याला अजून सांगितलेलंच नाही.