हललेला हात

ता. ६ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
बारकीचा शि. सा. न. वि. वि.

फोटो सगळ्या जगाला आणि त्यामागची गोष्ट फक्त तुला, हा आपला करार मी इमानेइतबारे पाळते आहे. तू मात्र उत्तराला महिना लावतेस. तरी मोठ्या मनाने या खेपेच्या गोष्टी सांगते.

खिडकीतल्या कपाचा फोटो पाहिलास ना? त्याखाली लोकांनी 'किती शांत सकाळ' असं लिहिलंय. कप तिथे ठेवला कारण खिडकीच्या काचेला तडा गेलाय आणि तो झाकायचा होता. फ्रेमवाल्याच्याच घरची काच फुटकी, हे गिऱ्हाइकांना कळलं तर अब्रू जायची. भिंतीवर नक्षीदार सावली पडलेला जो फोटो आहे, ती नक्षी म्हणजे दोरीवर वाळत घातलेली तुझी जुनी मच्छरदाणी. ही कुठल्या राजवाड्यातली जाळी, असं एका गृहस्थाने विचारलंय. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

आता खरी बातमी. बाबांचा फोटो! दुकानातला वरचा दिवा गेला होता म्हणून बाबा खिडकीपाशी काच कापायला वाकले होते. उजेड कमी, म्हणून मी मोबाइल गोंदाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि अंधारात काढतात तसा, जरा जास्त वेळ घेऊन फोटो काढला. तर काच, पट्टी, चष्मा, बाबांचा डावा हात सगळं अगदी स्वच्छ आलं, आणि काच कापायचा हिरा धरलेला उजवा हात तेवढा धुरासारखा पसरला. मी खाली लिहिलं, 'वर्षानुवर्षं न थांबलेला हात'. लोक नुसते खुळावलेत. समोरचा चष्मेवाला, जो एरवी मान वर करून बघत नाही, तो दुकानात येऊन बाबांचा हात हातात घ्यायला निघाला. बाबांनी चटकन हात खिशात घातला. इतका कसला भाव खायचा?

एका प्रदर्शनाच्या बाईंनी तर बाबांना बोलावलंय. एप्रिलमध्ये लोकांसमोर काच कापून दाखवायची. बाबा एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून नाही म्हणाले आणि केर काढायला लागले. मी त्यांना न सांगता हो कळवून टाकलंय. आता समजूत घालायचं काम तुझं, तू लाडकी.

बाकी इथे नवीन टूम म्हणजे बाबांनी बटणांचे शर्ट गुंडाळून ठेवलेत. हल्ली डोक्यातून घालायचे सदरे घालतात. चहाही अर्धाच कप घेतात, मग पुन्हा अर्धा मागतात. तेवढं उठायचं काम मला. भावोजींना नमस्कार. माया आहे हे माहीत आहे, ती टपालानेही येऊ दे.

तुझी,
बारकी


ता. १५ फेब्रुवारी

चि. बारकीस अ. उ. आ.

पत्र आज मिळालं आणि आजच लिहायला बसले, तेव्हा महिन्याचा टोमणा परत घे. फोन उचललाही होता, पण तुझी खोली आणि दुकान यांच्यामध्ये एक पडदा. तू 'हं' म्हणालीस तरी बाबा ऐकतात. म्हणून हे पत्र. आतल्या खोलीत बसून वाच.

बाबांचा फोटो मी आधीच पाहिला होता आणि कौतुकाने शेजारणीला दाखवलाही होता. तुझं पत्र वाचून पुन्हा पाहिला आणि तेव्हापासून जिवाला चैन नाही. माझं काम तुला ठाऊक आहे. दिवसभर एक्स-रेच्या यंत्रापाशी उभी राहून मी माणसांना हलू नका म्हणत असते. जो हलतो, त्याचं नेमकं हललेलं तेवढंच पुसट येतं. कोण कसा हलला हे मला आता चित्रावरून कळतं. बाबा हिरा पट्टीच्या कडेने ओढत असते, तर हात पट्टीच्या दिशेने लांबट उमटला असता. तसा तो नाही. तो एकाच जागी दोन्ही अंगांना पसरलाय. शिवाय काचेवर अजून रेघच नाही. बाबा हिरा टेकवतात, क्षणभर थांबतात आणि मग ओढतात, हे आपण लहानपणापासून बघतोय. तुझा फोटो त्या थांबण्याचा आहे. बारके, तो हात थांबलेला असताना हलतोय.

मग तुझ्या पत्रातली बटणं आणि अर्धा कप मला वेगळेच दिसायला लागले. माझी शंका खोटी ठरो. ठरली तर जन्मभर चिडव, ब्र काढणार नाही. तोवर प्रदर्शनाच्या बाईंना नाही कळव आणि बाबांच्या हाताकडे त्यांच्या नकळत लक्ष ठेव. लगेच लिही. इथे कामात लक्ष नाही, आज एका आजोबांचा डावा गुडघा सोडून उजव्याचा फोटो काढला.

काळजीत असलेली,
ताई


ता. २० फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून डोकं फिरलं. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात, तसं तुला दिवसभर आजारी माणसं बघून जग आजारी दिसायला लागलंय. आयुष्यात पहिल्यांदा मी केलेलं काहीतरी लोकांना आवडलं, तर त्यातही तुला दुखणं सापडलं. तू तिकडे लांब बसून एका फोटोवरून निदान करतेस. मी रोज त्यांच्याशेजारी असते, मला दिसलं नसतं का?

बाबा ठणठणीत आहेत. कालच त्यांनी एका लग्नाच्या फोटोची चौकट केली. कोपरे असे जुळवलेत की नख शिरणार नाही. सदऱ्यांचं म्हणशील तर उकाडा सुरू झालाय. चहाचं म्हणशील तर वयाप्रमाणे माणूस बेताने पितो. मी प्रदर्शनाला नाही वगैरे काही कळवणार नाही. आणि पाळत ठेवणं मला जमायचं नाही, ते माझे वडील आहेत.

रागात लिहिलंय, पण खोडत नाही.

बारकी

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी मोबाइलमधले त्या दिवशीचे बाकीचे फोटो काढून बघितले. एक छान आला म्हणून उरलेले मी पाहिलेच नव्हते. सगळ्यांत तो हात तसाच आलाय. पण अंधार होता ना, अंधारात तसं येतंच. येतं ना?


ता. २७ फेब्रुवारी

चि. बारकीस अ. उ. आ.

येत नाही गं. अंधाराने आलं असतं तर डावा हातही तसाच आला असता.

मी रजा टाकली आहे. पंधरा मार्चला येते. आल्या आल्या बाबांना दवाखान्यात नेऊ, आणि मग दुकानाचं काय ते ठरवू. माझं मत आताच सांगते, तुला कठोर वाटेल. काचेशी खेळ नको. दुकान बंद करून ते माझ्याकडे येऊन राहिले तर माझा जीव भांड्यात पडेल. मी येईपर्यंत त्यांना काच कापू देऊ नकोस. काही जमलं नाही तर हिराच कुठेतरी ठेवून दे. तुझ्यावर रागावलेली नाही. तू लिहिलंस त्यातलं निम्मं मीही मनातल्या मनात स्वतःला सांगून पाहिलंय.

ताई


ता. ५ मार्च

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसा हिरा मी परवा पिठाच्या डब्यामागे ठेवला. बाबांनी सकाळभर शोधला. खणात, फळीवर, कचऱ्यातसुद्धा. मला एका शब्दाने विचारलं नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं. दुपारी माझ्याकडे न बघताच म्हणाले की गिऱ्हाईक पाचला येणार आहे. मी मुकाट्याने आणून दिला. तुझ्याइतकी छाती मला नाही.

मग मी बघितलं, ताई. एरवी काच कापायची वेळ आली की ते मला काही ना काही आणायला बाहेर पिटाळतात, खिळे, सुतळी, काहीही. मला वाटायचं मी पायात येते म्हणून. परवा मी गेले नाही. त्यांनी कोपर बरगडीला टेकवलं, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, श्वास रोखला. हिरा निम्म्यापर्यंत सरळ गेला आणि मग वाकडा झाला. त्यांनी तसाच दाब दिला, काच भलतीकडे फुटली आणि तळहातात शिरली. फार खोल नाही, घाबरू नकोस. टाका पडला नाही.

पट्टी बांधताना मी बोलून गेले की फोटो बघून ताईला कळलं. त्यावर ते म्हणाले की फोटो त्यांनी पहिल्याच दिवशी पाहिला आणि त्यांनाही त्याच दिवशी कळलं होतं, की आता हे लपायचं नाही. मग कुणालाच कसं कळेना, याचं त्यांना नवल वाटत राहिलं. सगळे वाहवा करत होते आणि त्यांना चोरीचा माल अंगावर घातल्यासारखं वाटत होतं. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंत? तर म्हणाले, "तुम्ही दोघी माझ्या हातातून हिरा काढून घ्याल, एवढीच भीती होती." आणि मी सकाळीच तो पिठाच्या डब्यामागे दडवला होता. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मी रडले, ते नाही रडले.

तू लवकर ये. पण दुकान बंद करायचं त्यांच्यासमोर काढू नकोस.

बारकी


ता. ९ एप्रिल

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचल्याचा तुझा निरोप मिळाला. तू गेलीस त्या दिवसापासून घर खायला उठलंय. गोळ्या वेळेवर चालू आहेत. डॉक्टर म्हणाले होते तसंच आहे, थरथर थोडी कमी होईल, जाणार नाही. बाबांनी ते तुझ्यापेक्षा शांतपणे ऐकलं होतं, हे तूही पाहिलंस.

आपलं भांडण त्यांनी पडद्यापलीकडून ऐकलं होतं. तुझं 'दुकान बंद करा' आणि माझं 'चालू ठेवा'. दोघींनी त्यांना विचारायचं तेवढं राहून गेलं. तू गेल्यावर दुसऱ्या सकाळी त्यांनी हिरा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले की मुलींच्या हाताला काच लागू नये म्हणून शिकवलं नाही, ती चूक झाली. तेव्हापासून मी कापते, ते शेजारी उभे राहतात. रेघ एकाच दमात ओढायची, त्याच रेघेवरून दुसऱ्यांदा गेलं की काच रुसते, हे मला आता झोपेतही येतं. हातांना येत नाही एवढंच. फुटलेल्या काचांचं गाठोडं दाराशी वाढतंय आणि बाबांच्या शिव्या संपत आल्यात. चौकटी मात्र अजून तेच जुळवतात. त्या कामात यंत्र लाकडाची पट्टी धरून ठेवतं, हात नुसता दाबायचा.

प्रदर्शनाच्या बाईंचं पुन्हा विचारणं आलं. मी बाबा आजारी आहेत असं कळवणार होते. बाबा म्हणाले, एकट्या बाईंना नको, सगळ्यांनाच काय ते खरं सांगू. त्यांना नवा फोटो काढून हवा होता, तसाच, खिडकीपाशी, दिवा मालवून. खाली काय लिहायचं तेही त्यांनी सांगितलं: "मागच्या फोटोतला हात वेगाने हलत नव्हता, थरथरत होता. आता काच माझी मुलगी कापते, ती अजून शिकते आहे. काम द्यायचं तर हे कळून द्या."

मी खूप वाद घातला. म्हटलं, असं लिहून कोण येईल दुकानात? ते म्हणाले, जे येतील ते आपले. लोकांनी भलत्याच गोष्टीची शाबासकी दिली, ती ठेवून घेतली तर झोप लागत नाही.

फोटो आज सकाळी काढला आणि टाकलाही. गिऱ्हाइकं टिकतील की पांगतील, देव जाणे. दर दोन मिनिटांनी बघते आहे आणि बघवतही नाही. पण तुला लिहायचं आहे ते हे नाही. फोटोसाठी बाबांनी हात काचेवर ठेवला, आणि या वेळी कोपर टेकवलं नाही, मनगट धरलं नाही, नुसता सोडून दिला. ताई, हात केवढा हलत होता. आपल्यासमोर इतके महिने ते तो किती जोराने धरून ठेवत होते, ते मला आज कळलं.

बाबा लोभ दोघींवर सारखाच करतात हे आता कबूल आहे. तुझाही माझ्यावर राहू दे.

तुझीच,
बारकी